पाय नेमके कुठे अडतात? जुन्या रॉक अँड रोल नाचगाण्यांबद्दल एका ड्रमवाल्याचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: आईवडिलांच्या लग्नाला ४० वर्षं होताहेत, छोटा हॉल घेतलाय, दोघांनाही जाइव्ह (रॉक अँड रोलवर जोडीने करायचा नाच) येतो आणि मुलांनीही दोन महिने क्लास लावून मूळ स्टेप शिकून घेतली आहे. घरी सराव करताना 'रॉक अराउंड द क्लॉक'वर पाय झकास पडतात, 'जेलहाउस रॉक'वर मात्र दर कडव्याला मध्येच चुकतात. दोन्ही गाणी एकाच काळातली, मग हा फरक का? आणि त्या काळातली नाचायची गाणी निवडायची कशी? (त्यांनी केलेली यादीही सोबत आहे.)

आधी धीर देतो. पाय तुमचे बरोबर आहेत, हिशोब गाण्याचा आहे. मी गिरगावात तबला शिकलो आणि नंतर तीसेक वर्षं वसई, वांद्रे, मडगाव इथल्या लग्नांमध्ये ड्रम वाजवले. स्टेजवर मागे बसलेल्या माणसाला नाचणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात. कुठल्या गाण्याला कुठल्या मात्रेवर जोडपी गडबडतात, ते मला चेहऱ्यांपेक्षा जास्त पाठ आहे.

जाइव्हची मूळ स्टेप सहा मात्रांची. मागे-पुढे रॉक स्टेप दोन मात्रा, डावीकडे चासे (तीन झटपट पावलं) दोन, उजवीकडे चासे दोन. गाण्याचा ठेका मात्र चारचा, त्या चार मात्रांना बार म्हणतात. म्हणजे दादऱ्याएवढं आवर्तन तुम्ही केरव्यावर नाचताय. दुसरी स्टेप सुरू होते तेव्हा गाणं दुसऱ्या बारच्या मध्यावर पोचलेलं असतं, तिसरी मात्र पुन्हा बारच्या पहिल्या मात्रेवर येते. आता 'रॉक अराउंड द क्लॉक'चं कडवं बारा बारचं, ब्लूजच्या साच्यातलं. बारा गुणिले चार, ४८ मात्रा. सहाने भागा, बरोब्बर आठ. आठ स्टेप झाल्या की तुमची रॉक स्टेप आणि नव्या कडव्याची सम एकाच क्षणी येतात. कोणी शिकवलेलं नसलं तरी अंगाला ते कळतं. तिहाई समेवर आली की मान कशी आपोआप हलते, तसंच. एक काळजी घ्या. सुरुवातीला घड्याळाचे तास मोजतात तो तुकडा आठ बारचा आहे. तेवढा वेळ नुसते हात धरून उभे राहा आणि कडवं सुरू झालं की पहिलं पाऊल टाका.

'जेलहाउस रॉक' (१९५७) सोळा बारचं आहे. पहिल्या आठ बारांत बँड दोन ठोके देऊन गप्प बसतो, गायक एकटा बोलतो, पुन्हा दोन ठोके. पुढच्या आठ बारांत सगळे तुटून पडतात. सोळा चोक ६४, आणि ६४ ला सहाने भाग जात नाही, चार मात्रा उरतात. त्याच चार मात्रांवर तुमचे पाय अडतात.

यावरचा उपाय खूप जुना आहे, न्यूयॉर्कच्या हार्लेममधला. तिथे १९२६ मध्ये सॅव्हॉय बॉलरूम उघडला. गोरे आणि काळे एकाच फ्लोअरवर नाचू शकत अशा त्या काळच्या मोजक्या जागांपैकी एक. बँडसाठी दोन स्टेज, एक दमला की दुसरा सुरू, संगीत थांबायचंच नाही. लिंडी हॉप तिथे वाढला. तुमच्या जाइव्हचा आजोबा म्हणा. फ्रँकी मॅनिंगने १९३५ मध्ये तिथेच जोडीदारणीला पाठीवरून पलटी देण्याची पहिली उडी बसवली, आणि पुढे हा नाच मागे पडला तेव्हा कित्येक वर्षं पोस्टात नोकरी केली. तर लिंडीमध्ये सहा मात्रांच्या स्टेपबरोबर आठ मात्रांचीही असते आणि नाचणारे दोन्ही सर्रास मिसळतात. तुम्हीही तेच करा. चार वेळा सहाची, मग एकदा आठची. चोवीस आणि आठ बत्तीस, म्हणजे नेमके आठ बार. 'जेलहाउस रॉक'मध्ये हे दोनदा केलंत की चौसष्ट पुरे. आठची स्टेप येत नसेल तर दोन मात्रा जागच्या जागी डोलून घ्या आणि मग नेहमीची सहाची टाका. बघणाऱ्याला वाटेल मुद्दाम केलंय. जेरी ली लुईसचं 'ग्रेट बॉल्स ऑफ फायर'ही आठ-आठ बारांचं आहे, तिथेही हाच हिशोब.

बारा बारवाली बिनधास्त गाणी हवी असतील तर 'शेक, रॅटल अँड रोल', एल्व्हिसचं 'हाउंड डॉग', लिटल रिचर्डचं 'लाँग टॉल सॅली', चक बेरीचं 'जॉनी बी. गुड', 'अ‍ॅट द हॉप' ही घ्या. मोजायची गरजच नाही.

हा झाला गणिताचा भाग, आणि खरं सांगायचं तर तो सोपा भाग. अवघड गोष्ट दोन मात्रांच्या मध्ये असते.

तबलेवाल्यांना चटकन कळेल असं सांगतो. एक मात्रा तिस्र जातीत तीन तुकड्यांत मोडली आणि मधला तुकडा गाळला की जो लंगडत-उसळत जाणारा ठेका येतो तो शफल. तीच मात्रा दोन किंवा चार समान तुकड्यांत मोडली की चतस्र. आमच्या बँडवाल्यांच्या भाषेत 'स्ट्रेट'. सॅक्सोफोन वाजवत गाणाऱ्या लुई जॉर्डनची १९४० च्या दशकातली गाणी, 'कॅल्डोनिया' किंवा 'चू चू च'बूगी', ऐका. नखशिखांत शफल. ती ऐकताना टाच जमिनीवर टिकत नाही. जॉर्डनची रेकॉर्डिंग डेका कंपनीत मिल्ट गेबलर करायचा. १२ एप्रिल १९५४ ला न्यूयॉर्कच्या पायथियन टेंपल नावाच्या उंच छताच्या हॉलमध्ये बिल हेली आणि त्याच्या कॉमेट्सना घेऊन 'रॉक अराउंड द क्लॉक' रेकॉर्ड केलं तेही गेबलरनेच. म्हणून ते गाणं कानाला नवं आणि पायाला जुनं वाटतं. मांडणी पोरांची, चाल जॉर्डनची.

त्या दिवसाची गोष्ट मला फार आवडते. बहुतेक सगळा वेळ दुसऱ्याच एका गाण्यावर गेला, तेच मुख्य बाजूला जायचं होतं. हे शेवटी उरलेल्या वेळात घाईने उरकलं, दोन टेकमध्ये. पहिल्यात बँडने गायकाचा आवाज गिळून टाकला होता, म्हणून दोन्ही टेक जोडून एक केले. गिटारवर डॅनी सेड्रोन. त्या घाईत त्याने नवा सोलो बांधत बसण्याऐवजी १९५२ च्या 'रॉक द जॉइंट'मधलाच आपला सोलो पुन्हा वाजवला. दोन महिन्यांत जिन्यावरून पडून तो गेला. पुढच्या वर्षी 'ब्लॅकबोर्ड जंगल' चित्रपटाच्या सुरुवातीला ते गाणं वाजलं आणि जुलै १९५५ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर जाऊन आठ आठवडे तिथेच बसलं. सेड्रोनला यातलं काहीच बघायला मिळालं नाही.

मग शफलचा स्ट्रेट कसा झाला? याचं बरंचसं श्रेय न्यू ऑर्लिन्सच्या अर्ल पामर या ड्रमरला जातं. सप्टेंबर १९५५ मध्ये कोझिमो माटासाच्या जे अँड एम स्टुडिओत लिटल रिचर्डने 'टुटी फ्रुटी' गायलं तेव्हा ड्रमवर पामरच होता. त्याने नंतर सांगितलंय की रिचर्डचा उजवा हात पियानोवर एकसारखे, अजिबात न लंगडणारे ठोके देत होता, त्याच्याशी जुळवून घेता घेता माझा शफल सरळ होत गेला. रिचर्डची गाणी क्रमाने ऐका. 'लुसील' (१९५७) येईपर्यंत लंगडणं जवळजवळ संपलंय, उरलाय फक्त दणका.

पण त्या मधल्या दोन-तीन वर्षांत एक अर्धवट अवस्था होती, आणि माझ्या मते नाचायला सगळ्यांत उत्तम गाणी त्या अर्धवट काळातलीच. 'जॉनी बी. गुड' (१९५८) हेडफोन लावून ऐका. चक बेरीची गिटार सरळ चाललीय, आणि मागे फ्रेड बिलोचा ड्रम अजून झुलतोय. एकाच गाण्यात चतस्र आणि तिस्र एकमेकांना घासतात. ते घर्षण कागदावर लिहून दाखवता येत नाही आणि आजच्या मशीनच्या बीटमध्ये सहसा सापडत नाही. मिनिटाला सुमारे १६८ मात्रा, म्हणजे बॉलरूम स्पर्धेत जाइव्हला जी लय ठेवतात (१६८ ते १७६) तिच्या उंबरठ्यावर. 'रॉक अराउंड द क्लॉक' साधारण १८० च्या घरात आहे. चाळीस वर्षं संसार केलेल्या जोडप्यासाठी सलग दुसरं गाणं म्हणून ते लावू नका, एवढंच सुचवतो.

हा धडा मी वसईच्या एका लग्नात शिकलो. तेव्हा विशीत होतो, सरळ आणि जोरात वाजवणं म्हणजेच रॉक अशी पक्की समजूत. जॉर्डनच्या धाटणीचं एक जुनं गाणं मी ठोकून काढलं. फ्लोअरवरची पिकल्या केसांची चार जोडपी एकेक करून खुर्चीवर जाऊन बसली. गाणं संपल्यावर त्यातले एक आजोबा स्टेजपाशी आले आणि म्हणाले, "पोरा, तुझा ठेका पाय रोवतो. उचलत नाही." दुसऱ्या दिवसापासून तबल्यावर तिस्राची लग्गी पुन्हा घोटायला घेतली.

जाता जाता टाळीबद्दल. आपण समेवर टाळी देतो, त्यामुळे या गाण्यांतही हात १ आणि ३ वर जातात. इथे जोर २ आणि ४ वर आहे, स्नेअर (तो खणखणीत वाजणारा ड्रम) तिथेच पडतो. पाहुण्यांकडून टाळ्या घेणार असाल तर आधी कोणीतरी दाखवा, नाहीतर अर्धा हॉल एकीकडे आणि बँड दुसरीकडे.

आता जोडीने न नाचायची गाणी. तुमच्या यादीत 'द ट्विस्ट' आणि 'द स्ट्रोल' जाइव्हच्या मध्ये घुसवलेली दिसतात. ती वेगळी काढा.

या गाण्यांमागे फिलाडेल्फियाचा टीव्ही आहे. डिक क्लार्कचा 'अमेरिकन बँडस्टँड' ५ ऑगस्ट १९५७ पासून देशभर दिसू लागला. रोज दुपारी शाळेतून आलेली पोरं कॅमेऱ्यासमोर नाचायची आणि नव्या रेकॉर्डला गुण द्यायची. बीट चांगला आहे, यावर नाचता येतं, हे त्यांचं ठरलेलं मत अमेरिकेत पुढे थट्टेचा विषय झालं. मला त्यात थट्टा दिसत नाही. त्याहून नेमकी परीक्षा मी आजवर ऐकलेली नाही. 'अ‍ॅट द हॉप' आधी 'डू द बॉप' होतं. बॉप नावाच्या नाचाची फॅशन आता जाणार, हॉपवर लिहा, असं क्लार्कने सुचवलं आणि गाणं जानेवारी १९५८ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. हॉप म्हणजे शाळेच्या व्यायामशाळेतला नाच. लाकडी जमिनीवर ओरखडे नकोत म्हणून बूट काढून मोज्यांवर. स्ट्रोल संथ. दोन रांगा समोरासमोर, मधून एकेक जोडी डौलात चालत जाते. तो काळ्या मुलांचा नाच होता. टीव्हीवर गोऱ्या मुलांनी तो केला आणि नाव तिकडे गेलं. या कार्यक्रमात काळ्या मुलांना फ्लोअरवर फारसं येऊच दिलं जात नसे, हेही त्याच पडद्यामागचं.

ट्विस्टचंही तसंच. गाणं हँक बॅलर्डचं. त्याच्या मिडनायटर्सनी ते १९५९ मध्ये एका रेकॉर्डच्या मागच्या बाजूला काढलं होतं. क्लार्कला ते आपल्या कार्यक्रमासाठी हवं होतं, आणि १९६० मध्ये तिथल्याच अर्नेस्ट इव्हान्स नावाच्या पोराने ते गायलं. त्याचं नाव तोवर चबी चेकर झालं होतं. फॅट्स डॉमिनो या पियानोवाल्या गायकावरून क्लार्कच्या बायकोने सुचवलेली कोटी. फॅट्स म्हणजे जाडा, त्याचा चबी, म्हणजे गुबगुबीत; डॉमिनो हा एक खेळ, त्याचा चेकर, हाही खेळच. नक्कल इतकी हुबेहूब की रेडिओवर ऐकताना आपल्याला आपलाच आवाज वाटला, असं बॅलर्ड सांगायचा. सप्टेंबर १९६० मध्ये गाणं पहिलं आलं. पोरांचं कौतुक ओसरल्यावर न्यूयॉर्कच्या पेपरमिंट लाउंजमध्ये मोठी, पैसेवाली माणसं ट्विस्ट करू लागली, आणि जानेवारी १९६२ मध्ये तेच गाणं पुन्हा पहिलं आलं.

कसं नाचायचं तेही चेकरने सांगून ठेवलंय. दोन्ही पायांनी सिगारेट विझवा आणि टॉवेलने पाठ पुसा. संपलं. स्टेप नाही, मोजणं नाही, कोणी कोणाला फिरवायचं नाही. गाणं बारा बारचंच, पण आता त्या ४८ मात्रांची कोणाला गरज उरली नाही. शतकानुशतकं जोडीने हात धरून चाललेला नाच इथे सुटला, असं मला वाटतं. आणि ठेका सरळ होण्याशी त्याचा संबंध आहे. शफलमध्ये दोन मात्रांच्या मधली ती फट असते, त्या फटीत तुम्ही जोडीदाराचा हात ओढता, तिला वळवता. फट बुजली की ओढायला जागा राहत नाही, जागच्या जागी पिळत राहणं तेवढं उरतं. मी शफलवाला आहे, त्यामुळे हे थोडं एकांगी धरा.

त्यानंतर दर महिन्याला एक नाच आणि त्याचं एक गाणं असं सुरू झालं. मॅश्ड पोटॅटो वगैरे. बहुतेक विसरलात तरी चालेल. 'द लोको-मोशन' (१९६२) तेवढं ठेवा. जेरी गॉफिन आणि कॅरोल किंगने लिहिलं, गायलं त्यांच्याच बाळाला सांभाळणाऱ्या मुलीने, लिटल इव्हाने. गाण्यात नाचाच्या सूचना आहेत, पण गाणं आलं तेव्हा असा नाच अस्तित्वातच नव्हता. लोक विचारू लागल्यावर तो बसवावा लागला. मिनिटाला १३० च्या आसपास, आगगाडी करून हॉलभर फिरायला एकदम बरोबर. ज्यांना काहीच येत नाही त्या मामा-मावश्यांसाठी हेच.

ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी जॉनी ओटिसचं 'विली अँड द हँड जाइव्ह' (१९५८). खुर्चीवर बसून मांडीवर, तळहातावर, मुठीवर थापट्या. त्याच्या पोटात बो डिडली या गिटारवाल्याचा ठेका आहे, तीन आणि दोन ठोक्यांचा, क्यूबन संगीतातल्या क्लाव्हे या मूळ ठेक्याच्या नात्यातला. आपल्याकडच्या पोरांना बाकावर वाजवायला दिला तर पाच मिनिटांत जमतो, आणि मग थांबत नाहीत.

आपल्याकडचं एक गाणं यादीत हवंच. 'आशा' (१९५७) मधलं 'ईना मीना डीका'. संगीत सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे आपले रामचंद्र चितळकर. किशोरकुमारचं एक आणि आशाबाईंचं एक अशी दोन रूपं आहेत, नाचायला किशोरचं घ्या. बाहेर मुलं खेळताना 'ईनी मीनी' म्हणत होती ते चितळकरांनी उचललं आणि त्यांचे गोव्याचे सहायक जॉन गोम्स यांनी कोकणीतला 'माका नाका' जोडून दिला, असा किस्सा सांगतात. मडगावच्या लग्नात त्या 'माका नाका'ला सगळा हॉल ओरडतो, कारण तिथे ते निरर्थक शब्द नाहीतच. 'मला नको' असा सरळ अर्थ आहे. चितळकरांच्या वाद्यवृंदात गोव्याची माणसं भरलेली. आल्दोनाचा चिक चॉकलेट, ट्रंपेटवाला, १९५१ च्या 'अलबेला'त तर बँडसकट पडद्यावरही दिसला. हात मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवून तयार झालेले, म्हणून ठेका झुलतो. याच्यासमोर 'गुमनाम' (१९६५) मधलं 'जान पहचान हो' ठेवा. शंकर-जयकिशन, रफी, पडद्यावर टेड लायन्स अँड हिज कब्ज आणि मुखवट्यात लक्ष्मी छाया. आठ वर्षांत झुलणं संपून सगळं सरळ आणि भन्नाट वेगात गेलंय. अमेरिकेत दहा वर्षं आधी झालेला तोच बदल. जोडीने त्यावर नाचू नका, धाप लागेल. एकेकट्याने अंग झाडायला त्याच्यासारखं गाणं नाही. ट्विस्टसाठी 'भूत बंगला' (१९६५) मधलं मन्ना डेंचं 'आओ ट्विस्ट करें' आहेच.

आता क्रम. 'ईना मीना डीका'ने फ्लोअर उघडा, मग 'शेक, रॅटल अँड रोल', मग 'जॉनी बी. गुड'. ही गाणी दोन-तीन मिनिटांचीच आहेत, त्यामुळे तीनचा एक संच पुरतो. मग लोको-मोशन, म्हणजे आईवडिलांना पाणी प्यायला वेळ मिळेल. 'रॉक अराउंड द क्लॉक' दुसऱ्या संचाच्या सुरुवातीला, 'जेलहाउस रॉक' त्यानंतर, आठची स्टेप तोवर बसली असेल तरच. शेवटी फॅट्स डॉमिनोचं 'ब्लूबेरी हिल' (१९५६). पियानोवर तीन-तीनचे मऊ ठोके, उजव्या पायावरून डाव्या पायावर नुसतं झुलायचं.

गाणी उतरवून घेताना वर्ष तपासा. यातल्या बऱ्याच गायकांनी कंपनी बदलल्यावर आपलीच गाणी पुन्हा रेकॉर्ड केली. लिटल रिचर्डने १९६४ मध्ये व्ही-जेसाठी, चक बेरीने चेस सोडून मर्क्युरीत गेल्यावर. नाव तेच, गायक तोच, पण ठेका सपाट. ऑनलाइन तीच आवृत्ती पटकन पुढे येते आणि नवी, स्वच्छ म्हणून लोक तीच लावतात. आवाज डाव्या-उजव्या बाजूंना अगदी सुटा सुटा ऐकू आला तर संशय घ्या. मूळ गाणी बहुतेक मोनो आहेत, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज.

आणि रबरी तळव्याचे बूट घालून ट्विस्ट करू नका, पाय जमिनीला चिकटतो आणि पीळ गुडघ्यात जातो. चामड्याचा तळवा उत्तम. हॉलची फरशी फारच खरबरीत असेल तर आम्ही कॅरमची पावडर टाकायचो. चिमूटभरच, आणि जिलेबीच्या टेबलापासून लांब.